इमारतीची हीटिंग-कूलिंग यंत्रणा बदलली जाताना घराची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू यॉर्क, जर्सी सिटी आणि आसपासच्या जुन्या उंच इमारतींमध्ये अनेक मराठी कुटुंबे राहतात, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या तरी दारावर ही नोटीस लागली की आमच्याकडे प्रश्न येऊ लागतात : संपूर्ण इमारतीची हीटिंग आणि कूलिंग यंत्रणा बदलली जाणार आहे, अमुक तारखेपासून घर मोकळे ठेवा. त्याच त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ती मुख्यतः १९६० ते १९८० च्या दशकांत बांधलेल्या आणि खिडकीखालच्या फॅन कॉइल युनिटांना पाणी पुरवणाऱ्या इमारतींसाठी आहेत. तुमच्या इमारतीची लेखी सूचना आणि येथील उत्तर यांत फरक आढळल्यास सूचनाच प्रमाण मानावी.

१. मुळात आमच्या घरात नेमके काय बदलले जाणार आहे?

खिडकीखाली जी पत्र्याची पेटी असते, तिच्यात पंखा आणि तांब्याच्या नळ्यांची जाळी असते. हेच फॅन कॉइल युनिट. त्याला पाणी पुरवणारे उभे पाइप, म्हणजे रायझर, तळघरापासून गच्चीपर्यंत भिंतीच्या आतून गेलेले असतात. दोन पाइपांच्या यंत्रणेत हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड पाणी त्याच पाइपांतून फिरते, म्हणूनच वसंतात आणि शरदात इमारत एकदाच बदल करते आणि मधल्या एखाद्या विचित्र उकाड्याच्या दिवशी कितीही विनवले तरी कूलिंग मिळत नाही. चार पाइपांच्या यंत्रणेत दोन्ही पाण्यांचे मार्ग वेगळे असतात. यांशिवाय हवेतील दमटपणा निथळून जमणारे पाणी वाहून नेणारा एक निचऱ्याचा पाइप असतो.

फक्त युनिट बदलायचे असेल तर घरातले काम तुलनेने थोडे असते. रायझर बदलायचे असतील तर भिंत फोडावी लागते, आणि तयारीचे स्वरूपच पालटते. नोटिशीत हे स्पष्ट नसेल तर सर्वांत आधी तेच विचारावे.

२. यंत्रणा अजून चालते आहे. मग एवढा खटाटोप कशासाठी?

पाइप बहुधा बाहेरून गंजतात. थंड पाण्याच्या पाइपवरील आवरण जुने होऊन फाटले की दमट हवा आत शिरते, पाइपला घाम येतो आणि आवरणाखाली वर्षानुवर्षे गंज चढत राहतो. बाहेरून काहीही दिसत नाही आणि एके दिवशी दहाव्या मजल्यावरची गळती आठव्या मजल्याच्या छतातून उतरते. अशा गळत्या सुरू झाल्यावर एकेक ठिगळ लावत राहणे शेवटी महाग पडते.

कायद्याचाही रेटा आहे. न्यू यॉर्क शहराच्या २०१९ च्या लोकल लॉ ९७ नुसार २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा लागू झाली असून २०३० पासून ती अधिक कडक होते. शिवाय जुन्या यंत्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-२२ या शीतक वायूचे नवे उत्पादन आणि आयात अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, त्यामुळे अशा यंत्रांची दुरुस्ती दिवसेंदिवस अवघड होत चालली आहे.

३. काम चालू असताना घर सोडून राहावे लागेल का?

बहुतेक कुटुंबे घरातच राहतात, कारण काम एका वेळी खिडकीच्या भिंतीपुरते असते आणि संध्याकाळी कामगार निघून जातात. मात्र अ‍ॅस्बेस्टॉस काढायचे असेल तर (जुन्या पाइपांच्या आवरणातील घातक तंतू, प्रश्न ७) त्या खोलीत, आणि काही वेळा संपूर्ण घरात, थांबता येत नाही. घरात तान्हे बाळ, दम्याचा रुग्ण किंवा वृद्ध व्यक्ती असेल तर प्रश्न १० पाहावा.

घरून काम करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरावी : काँक्रीटला भोक पाडण्याचा आवाज तुमच्या घरातले काम संपल्यावरही थांबत नाही, कारण तो इमारतीच्या सांगाड्यातून कित्येक मजले वर-खाली ऐकू येतो. महत्त्वाच्या बैठका असलेल्या दिवशी ग्रंथालयात किंवा ऑफिसात जाण्याची सोय आधीच करून ठेवावी.

४. किती जागा मोकळी करायची आणि सामान ठेवायचे कुठे?

नेमके अंतर नोटिशीत दिलेले असते. ते नसेल तर प्रत्येक युनिटसमोर आणि दोन्ही बाजूंना किमान चार फूट, आणि मुख्य दारापासून तिथपर्यंत एक माणूस लांब पाइप घेऊन वळू शकेल एवढी वाट, असा हिशेब धरावा. विजेच्या पॅनेलसमोरची जागाही मोकळी लागते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आपल्या घरांत खिडकीखालच्या युनिटचा वरचा पृष्ठभाग हा जणू आयता ओटा ठरतो. तिथे देवघर असते, तुळस असते, बाटलीत वाढणारा मनीप्लांट असतो. हे सर्व कामगार येण्याच्या आदल्या दिवशी आपल्या हाताने हलवावे. काँट्रॅक्टरचे कामगार सामान हलवण्यास बांधील नसतात, आणि देवघराला कोणी परक्याने घाईत हात लावावा असे कोणत्याच घराला वाटत नाही. देव तात्पुरते आतल्या खोलीतील कपाटात किंवा स्वयंपाकघरातील उंच फळीवर ठेवता येतात. तुळशीला प्रकाश लागतो, पण उघड्या भिंतीतून येणारा थंड वारा ती सहन करत नाही, म्हणून काम नसलेल्या खोलीच्या खिडकीजवळ तिला हलवावे.

पडदे दांडीसकट उतरवावेत. युनिटच्या पेटीमागून इंटरनेटची केबल नेलेली असण्याची शक्यता बरीच असते, ती शोधून बाजूला घ्यावी, नाहीतर पहिल्याच सकाळी ती तुटते. मोठा सोफा आणि पुस्तकांची कपाटे खोलीच्या मध्यभागी गोळा करून प्लास्टिकने झाकता येतात. बाहेर सामान ठेवण्याची जागा भाड्याने घ्यायची गरज सहसा पडत नाही. मात्र दोन्ही शयनखोल्यांच्या भिंती एकाच दिवशी फोडणार का, हे विचारून घ्यावे, कारण उत्तर 'हो' असेल तर घरात सामान ढकलायला कोपराच उरत नाही.

५. धूळ किती होते, आणि स्वयंपाकघर कसे वाचवायचे?

भरपूर होते. जिप्समची पांढरी धूळ हलकी असल्याने ती बंद दारांच्या फटींतूनही शिरते. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसांना अपायकारक आहे. कामाच्या जागेभोवती झिप असलेला प्लास्टिकचा पडदा, हेपा (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम आणि रोज संध्याकाळी साफसफाई, या तीन गोष्टी कराराचा भाग आहेत का, हे बोर्डाला, म्हणजे इमारतीचा कारभार पाहणाऱ्या समितीला, विचारावे. त्या मागण्यात संकोच करू नये.

स्वयंपाकघराचे दार नसेल, आणि इथल्या घरांत ते बहुधा नसतेच, तर उघड्या मांडणीवरचे मसाल्यांचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि धान्याचे डबे कपाटात बंद करावेत. पिठाच्या डब्यात एकदा ती धूळ गेली की ते पीठ टाकूनच द्यावे लागते. साफ करताना कोरडा झाडू मारू नये. आधी व्हॅक्यूम आणि मग ओले फडके, हाच क्रम ठेवावा.

धुळीने अलार्म वाजू नये म्हणून स्मोक डिटेक्टरवर टोपी चढवली जाते. ती त्याच संध्याकाळी निघाली पाहिजे. कामगार विसरले तर आपण काढावी, पण झाकलेल्या डिटेक्टरखाली कोणीही झोपू नये.

६. काम सुरू होण्यापूर्वी कोणते फोटो आणि कागद जमवावेत?

प्रत्येक भिंतीचे, जमिनीचे, खिडकीच्या चौकटीचे आणि छताच्या कोपऱ्यांचे तारखेसह फोटो घ्यावेत. आधीपासून असलेले ओरखडे आणि ओलीचे डागही घ्यावेत, कारण ते लपवल्याने आपलाच दावा कमकुवत होतो. घराच्या विम्याची प्रत, काँट्रॅक्टरच्या विम्याचे प्रमाणपत्र मॅनेजमेंटकडे आहे याची खात्री, भिंत कोणत्या अवस्थेत परत मिळणार याचे लेखी उत्तर आणि नुकसान झाल्यास कोणाला, किती दिवसांत कळवायचे याची माहिती, एवढे एका फाइलमध्ये असावे. भिंतीबाबतचे उत्तर विशेष महत्त्वाचे आहे. अनेक करारांत भिंत भरून प्रायमर लावण्यापर्यंतचेच काम असते आणि रंग घरमालकाने द्यायचा असतो. वॉलपेपर जुळवून देण्याची हमी सहसा कोणी घेत नाही.

७. आमची इमारत जुनी आहे. अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग यांची काळजी करावी का?

काळजी करावी, पण ती योग्य प्रश्न विचारून करावी. जुन्या पाइपांच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते न छेडता असेल तोपर्यंत धोका कमी असतो, आवरण फोडले की तंतू हवेत मिसळतात. न्यू यॉर्क शहरात अशा कामाच्या परवान्यापूर्वी प्रमाणित तपासनिसाकडून अ‍ॅस्बेस्टॉसची पाहणी करून घ्यावी लागते. त्या पाहणीचा अहवाल मागून घ्या आणि त्यात तुमच्या लाइनीबद्दल, म्हणजे एकाच रायझरवरच्या एकावर एक घरांबद्दल, काय लिहिले आहे ते वाचा. अ‍ॅस्बेस्टॉस आढळल्यास ते काढण्याचे काम परवानाधारक कामगारच, जागा पूर्ण बंद करून आणि आतली हवा फिल्टरमधून बाहेर खेचत करतात. त्या काळात कपडे घ्यायला म्हणूनही आत जाऊ नये. हवेची चाचणी होऊन जागा मोकळी केल्याचे लेखी मिळाल्यावरच परतावे.

शिशाच्या रंगावर अमेरिकेत १९७८ मध्ये घरगुती वापरापुरती बंदी आली. त्याआधीच्या इमारतीत एका खोलीत ६ चौरस फुटांहून अधिक रंगवलेला पृष्ठभाग फोडायचा असेल, तर २०१० पासून लागू असलेल्या संघराज्याच्या नियमाप्रमाणे प्रमाणित काँट्रॅक्टरच लागतो आणि त्याने काम सुरू करण्याआधी रहिवाशांना माहितीपुस्तिका द्यावी लागते. रांगते मूल घरात असेल तर या नियमाबाबत अजिबात ढिलाई खपवून घेऊ नये.

८. भिंत उघडी असताना आपण काही पाहायचे असते का?

होय, आणि या संपूर्ण यादीत आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे. सामान हलवणे, धूळ, फोटो या गोष्टी चुकल्या तर काही दिवसांचा त्रास होतो. भिंतीच्या आत चूक राहिली तर ती पुढची कित्येक वर्षे आत राहते. भिंत जेमतेम काही दिवस उघडी असते, म्हणून ती बंद करण्याची तारीख सुपरकडून (इमारतीची देखभाल पाहणाऱ्या माणसाकडून) आधी कळवून घ्यावी आणि आदल्या संध्याकाळी हातात टॉर्च घेऊन स्वतः पाहावे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

पहिली गोष्ट पाइपवरील आवरण. उन्हाळ्यात त्यातून सुमारे ४५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ७ अंश सेल्सिअसचे पाणी वाहणार असते. आवरण सरळ पाइपवर नीट असते, पण कोपरे, सांधे आणि व्हॉल्व्ह यांच्यापाशी घाईत उघडे राहते. बोटभर उघडा राहिलेला धातूही दमट दिवशी थेंब थेंब गाळतो आणि वर्षभरात तिथे बुरशी धरते. उघडा धातू दिसला तर फोटो काढून त्याच रात्री ईमेल पाठवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे पाइप जिथे स्लॅबमधून वर-खाली जातात, तिथली भोके. ती आगरोधक साहित्याने भरलेली असली पाहिजेत. आगीच्या वेळी धूर मजल्यामजल्यातून चढू नये म्हणून हा नियम आहे, आणि त्याच फटींतून एरवी झुरळे, आवाज आणि शेजारच्या फोडणीचा वास येतो.

तिसरी गोष्ट निचऱ्याची. निथळलेले पाणी पंपाविना उतारानेच जाते, त्यामुळे आडवी नळी रायझरकडे उतरती हवी. ती मध्ये झोळ घेत असेल तर तिथे पाणी साचून शेवाळ धरेल. चौथी गोष्ट, पाणी बंद करण्याचे व्हॉल्व्ह भिंतीतील छोटे दार उघडून हाताला येतील असे आहेत का, ते पाहावे. पक्क्या भिंतीमागे गाडलेला व्हॉल्व्ह गळतीच्या रात्री कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

दाबचाचणी, म्हणजे पाइपांत दाब देऊन गळती तपासणे, भिंत बंद होण्यापूर्वीच झाली पाहिजे, आणि ती झाल्याचे सुपरला विचारावे. शेवटी मोजपट्टी शेजारी धरून उघड्या भिंतीचा एक फोटो जपून ठेवावा. पुढे चित्र टांगण्यासाठी खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते त्यावरून कळेल. आत काळे डाग किंवा बुरशी दिसली तर ती साफ होईपर्यंत भिंत बंद करू नये, असे लेखी कळवावे.

९. हीटिंग बंद असताना अचानक थंडी पडली तर?

असे काम शक्यतो वसंतात किंवा शरदात ठेवतात, तरी ऑक्टोबरच्या शेवटी रात्री गारठतातच. न्यू यॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरेनहाइटखाली गेल्यास घरात किमान ६८ अंश, आणि रात्री १० ते सकाळी ६ बाहेर काहीही असले तरी किमान ६२ अंश राखणे घरमालकावर बंधनकारक आहे. त्यामुळे हीटिंग बंद राहणार असेल तर तात्पुरती सोय काय, हे विचारण्याचा रहिवाशांना पुरेपूर हक्क आहे.

विजेचा हीटर मिळाला तर तो थेट भिंतीतील सॉकेटमध्ये लावावा, एक्स्टेन्शन कॉर्डवर कधीही नाही. पडदे आणि पांघरुणे तीन फूट दूर ठेवावीत आणि झोपताना तो बंद करावा. असा हीटर साधारण १,५०० वॉट घेतो, म्हणजे तो चालू असताना त्याच सर्किटवर इन्स्टंट पॉट किंवा मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर उडतो. गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून घर गरम करण्याचा विचारही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

१०. आई-बाबा भारतातून आले आहेत, किंवा घरात लहान बाळ आहे. तारीख पुढे ढकलता येईल का?

एका घराची तारीख एकटी बदलणे जवळपास अशक्य असते, कारण एकावर एक असलेल्या सर्व घरांचा रायझर एकच असतो आणि तो एकाच वेळी रिकामा करावा लागतो. मात्र घरात कोण आहे हे आधी कळवल्यास अनेक बोर्ड इमारतीतील एखादे रिकामे घर दिवसा बसायला देतात, किंवा सर्वांत धुळीचे दिवस कोणते ते नेमके सांगतात. तेवढे दिवस आई-बाबांना दुसऱ्या लाइनीतील ओळखीच्या कुटुंबाकडे दुपारपुरते पाठवणे हा आमच्या पाहण्यातला सर्वांत चांगला उपाय आहे. दिवसा घरात अनोळखी माणसे येणार आणि ती इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलणार, हे त्यांना आधी समजावून सांगावे आणि सुपरचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत दाराजवळ लिहून ठेवावा. दम्याच्या रुग्णासाठी डॉक्टरांचे पत्र जोडल्यास विनंतीला वजन येते.

११. तारीख गणपतीत किंवा दिवाळीत आली आहे. काय करावे?

वेळापत्रकाचा मसुदा निघतो तेव्हाच बोर्डाला सणांच्या तारखा लेखी कळवाव्यात, कारण त्या वेळी दोन लाइनींची अदलाबदल सहज होते. पक्के वेळापत्रक लागल्यावर ती होत नाही. मग दीड दिवसाचा गणपती ज्या खोलीत काम नाही तिथे बसवावा, किंवा यंदा नातेवाइकांच्या घरी एकत्र बसवावा. कामाच्या दिवशी आरतीचे निरांजन मात्र प्लास्टिकच्या पडद्यांपासून फार दूर ठेवावे.

१२. आम्ही त्या काळात भारतात असू. घर बंद ठेवून चालेल का?

चालणार नाही. तुमच्या घराला कुलूप असेल तर संपूर्ण लाइनीचे काम अडते, आणि बहुतेक इमारतींच्या नियमांत अशा कामासाठी आत येण्याचा हक्क व्यवस्थापनाला असतो. किल्ली आणि लेखी अधिकारपत्र एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे द्यावे. त्या व्यक्तीने सकाळी दार उघडावे, संध्याकाळी फेरी मारावी आणि प्रश्न ८ मधील पाहणी फोनवर तुम्हाला दाखवत करावी. दागिने आणि पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. घर रिकामे असताना हीटिंग चालू ठेवणे ही काही विमा पॉलिसींमधील अट असते, म्हणून विमा कंपनीलाही आधी कळवावे.

१३. खर्च कोणाचा?

को-ऑपमध्ये (इथे इमारत संस्थेची असते आणि रहिवासी तिचे भागधारक असतात) भिंतीतील पाइप सहसा संस्थेचे असतात. कॉन्डोमध्ये (इथे घर स्वतःच्या मालकीचे असते) उत्तर डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या मालकीविषयीच्या मूळ दस्तऐवजात, असते : रायझर सामायिक आणि युनिट घरमालकाचे, अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी आढळते. पैसे राखीव निधीतून, कर्जातून किंवा विशेष वर्गणीतून उभे राहतात. विशेष वर्गणीची पावती जपून ठेवा. इमारतीच्या सुधारणेसाठी भरलेली रक्कम घर विकताना नफ्याच्या हिशेबात मूळ किमतीत मिळवता येते. नेमका आकडा कर सल्लागाराकडून ठरवून घ्यावा.

१४. युनिटभोवती आम्ही कपाट करून घेतले आहे. त्याचे काय?

ते काढण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा खर्च जवळजवळ नेहमीच घरमालकाचा असतो. सुताराला आधी बोलवावे, पण पुन्हा बसवण्याचे माप नवे युनिट आल्यावरच घ्यावे, कारण ते जुन्यापेक्षा लहान किंवा अरुंद असू शकते. तसे झाले तर जुन्या पेटीखालची लाकडी जमीन नसलेली पट्टी उघडी पडते. जमीन बसवताना उरलेल्या फळ्या कोणी जपून ठेवल्या असतील तर त्या आता उपयोगी येतात.

१५. आम्ही काही वर्षांपूर्वीच स्वखर्चाने नवे युनिट बसवले आहे. तेही काढणार का?

ते नव्या पाण्याच्या प्रवाहाशी आणि नियंत्रणाशी जुळते का, यावर हे अवलंबून आहे. मॉडेल क्रमांक, पावती आणि त्या वेळची परवानगी बोर्डाच्या इंजिनिअरला द्यावी. इमारत पाण्याऐवजी हीट पंपाकडे (उष्णता आत-बाहेर नेणाऱ्या विजेच्या यंत्राकडे) वळत असेल तर जुने युनिट कितीही नवे असले तरी निरुपयोगी ठरते. ते ठेवण्याची परवानगी मिळाली, तर त्याच्या गळतीची जबाबदारी यापुढे कोणाची, हे लिहून घ्यावे. सूट मिळण्यापेक्षा हा मुद्दा अधिक मोलाचा आहे.

१६. आम्ही भाडेकरू आहोत. आमचे हक्क काय?

तयारी तुम्हीच करायची असते, पण नोटीस, खर्च आणि नुकसानभरपाई यांबाबत बोलायचे ते घरमालकाशी. इमारतीकडून आलेली प्रत्येक सूचना त्याला पुढे पाठवावी. खोली वापरता आली नाही अशा दिवसांची नोंद ठेवल्यास भाड्यात सवलत मागता येते. परस्पर भाडे कापू नये. उष्णतेचा नियम (प्रश्न ९) भाडेकरूंनाही लागू होतो.

१७. काम संपल्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी काय तपासावे?

पंख्याचे सर्व वेग चालवून पाहावेत. थर्मोस्टॅट वर-खाली केल्यावर व्हॉल्व्ह प्रतिसाद देतो का, ते पाहावे. ड्रेन पॅनमध्ये, म्हणजे युनिटमधील निथळलेले पाणी जमा होणाऱ्या तबकात, लिटरभर पाणी हळूहळू ओतावे. ते काही मिनिटांत निघून गेले पाहिजे. पहिले दोन दिवस युनिटखाली कोरडा कागद अंथरून ठेवावा, थेंब पडला तर लगेच कळतो. पाइपांतून गुळगुळ आवाज येत असेल तर आत हवा अडकली आहे. ती काढून टाकणे हे सुपरचे दहा मिनिटांचे काम आहे. फिल्टरचा आकार लिहून घ्यावा आणि फार दाट फिल्टर लावण्याचा मोह टाळावा, कारण फॅन कॉइलचा लहान पंखा त्यातून हवा ओढू शकत नाही. राहिलेल्या कामांची यादी सहीच्याच कागदावर लिहावी.

१८. काम ऑक्टोबरात झाले, म्हणजे फक्त हीटिंगच तपासता आले. कूलिंगचे काय?

दोन पाइपांच्या यंत्रणेत ही अडचण अटळ आहे. हिवाळ्यात निचऱ्याची किंवा आवरणाची चूक दिसूच शकत नाही, कारण गरम पाइपला घाम येत नाही. म्हणून हमीची मुदत पहिला संपूर्ण उन्हाळा संपेपर्यंत असावी, असा आग्रह सर्व रहिवाशांनी मिळून बोर्डाकडे धरावा, आणि तोही करार होण्यापूर्वी. जूनमधल्या पहिल्या दमट दिवशी युनिट तासभर चालवून पेटीचे झाकण उघडावे, पॅनमधले पाणी वाहते का आणि व्हॉल्व्हभोवतीचे आवरण कोरडे आहे का, ते हात लावून पाहावे. ओल लागली तर प्रश्न ८ मधील फोटो जोडून त्याच दिवशी लेखी तक्रार करावी.